फाटा

सही मी केली होती, ते खरं आहे.
मे महिना, गांधीबागेतलं दुकान,
कूलरच्या ताट्या त्याच दिवशी बदललेल्या,
वाळ्याचा ओला वास,
आणि पडद्यावर कुऱ्हाडेंच्या घरची लग्नपत्रिका :
नवरदेवाच्या आडनावातला र फुटून
ह-च्या बाजूला परक्यासारखा उभा.

रात्री दीडपर्यंत बसून त्याला जागेवर आणला.
सोळा ओळी. त्यातल्या तीन रिकाम्या.
पाठवताना एक चौकट उघडली,
योगदानकर्त्याचा करारनामा, होय किंवा नाही.
होय म्हटलं.
देवळाबाहेर चप्पल ठेवताना
टोकनामागचं बारीक अक्षर कोण वाचतं?

मग त्या ओळी फिरल्या.
सातबाऱ्यावर, नोकऱ्यांच्या जाहिरातीत,
दवाखान्यात 'दुसऱ्या मजल्यावर जा' म्हणणाऱ्या पाटीत.
पैसे कोणी दिले नाहीत,
मी मागितलेही नव्हते.

कंपनी वाईट होती असं नाही.
सर्व्हर तिचे, वीजबिल तिचं,
वर्षातून एकदा संमेलनाचं जेवण, त्यात दोन गोड.
समितीत नऊ खुर्च्या, पाच त्यांच्या,
चार 'समाजाच्या'.
माझी खुर्ची प्लास्टिकची, दुकानातलीच,
एक पाय तारेनं बांधलेला.

मंगळवारी संध्याकाळी विषय क्रमांक सहा : परवान्यात बदल.
यापुढे धंद्यासाठी वापर, तर शुल्क.
मी विचारलं, लग्नपत्रिका धंद्यात धरता का?
त्यांचे वकील फार सभ्य.
म्हणाले, निखारे मॅडम,
दहा कर्मचाऱ्यांपर्यंत सूट देण्याचा विचार चालू आहे.
ते वाक्य तिथल्या तिथे इतिवृत्तात उमटलं.
'कर्मचाऱ्यांपर्यंत.'
त्यातला तो आडवा र
कसा ऐटीत बसला होता, मिशीसारखा.
माझाच होता.

सहा विरुद्ध तीन.
सहावा हात सुगत गजभियेचा,
ज्यानं मला इंदोऱ्याच्या त्याच्या खोलीत बसवून
हे सगळं शिकवलं होतं, पोह्यांवर तर्री ओतत ओतत.
आता मिहानमध्ये कंपनीच्याच पगारावर आहे.
रात्री फोन आला,
'ताई, आत राहूनच काही करता येईल न.'
येईलही.
बेसाच्या फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जातो,
मला माहीत आहे, त्याचं गृहप्रवेशाचं कार्ड
मीच छापलं.
रागावले नाही. फोन ठेवला मात्र आधी.

अध्यक्ष म्हणाले होते, आता कृपया फाटे फोडू नका.
अहो, आमच्याकडे फाटा म्हणजे
जिथे एसटी थांबते,
चहा मिळतो,
आणि ज्यांचं गाव मोठ्या रस्त्यावर नाही
ती माणसं पिशव्या घेऊन उतरतात.

तर उतरलो. चौघं.
बदलाच्या आदल्या रात्रीची प्रत जुन्या परवान्यासकट उचलली,
तेवढा हक्क त्यांनाही पुसता येत नव्हता.
नाव मात्र सोडावं लागलं, नाव कंपनीचं.
अजून नवं सुचलेलं नाही.
पहिल्याच बैठकीत भांडण,
कोण ठरवणार, हे कोणी ठरवायचं?
तितरमारे उठून गेला. दोन दिवसांनी आला,
मुद्दा तोच घेऊन.
सर्व्हर सध्या माझ्या बिलावर आहे, आणि उन्हाळा आहे,
कूलर आणि तो एकदम चालवला
की फ्यूज जातो.

परवा तुमसरहून एका पोरानं दुरुस्ती पाठवली.
'ताई, तुमच्या अकराव्या ओळीत चूक आहे.
मोठ्या अक्षरात छापलं की माझं आडनाव फुटून राहिलं.'
पाहिलं. खरंच चूक होती.
इतकी वर्षं, सगळ्या सातबाऱ्यांवर, बारीक अक्षरात लपलेली.

करारनाम्याचा कागद अजून आमचा ठरायचाय.
मी त्याला काहीच पुढे केलं नाही.
एवढंच विचारलं,
यादीत तुझं नाव कसं लिहू?

गिऱ्हेपुंजे, म्हणाला.
मोठ्या अक्षरात टाकून बघा.